झाडाखालचं छप्पर

सरकार बदललं तेव्हा मंत्रालयात सगळ्यात आधी बदलली ती पाटी. नवं सरकार 'बदल' या एकाच शब्दावर निवडून आलेलं. त्यामुळे हवामान बदल मंत्रालय हे खातं खास आपल्यासाठीच राखून ठेवलेलं आहे, असा नव्या मंत्र्यांचा पहिला आठवडाभर समज होता. मग कुणीतरी हळूच कानात सांगितलं, की साहेब, इथला बदल वाईट असतो, तो थांबवायचा असतो. मंत्री दचकले. लगोलग दारावर 'हवामान प्रगती मंत्रालय' अशी पाटी आली. हवामानाने नेमकी कुठे प्रगती करायची, ते लिहायला पाटीवर जागा उरली नव्हती.

पाटी बदलली तरी तिच्याखालून ये-जा करणारी माणसं तीच राहिली. त्यातलीच एक काळजीवाहू. हे तिचं टोपणनाव. मधल्या काळजीवाहू सरकारच्या दिवसांत तिच्या मुलीला ताप होता आणि ती कपाळावर आठ्या घेऊन कॉरिडॉरमधून फिरत होती, तेव्हा टपाल विभागातल्या कुणीतरी ते चिकटवलं. ते सरकार गेलं, ताप गेला, आठ्या आणि नाव राहिलं.

तिचं काम प्रगती-अहवाल लिहिण्याचं. पृथ्वी तापते आहे ही गोष्ट मंत्रालयात सगळ्यांनाच ठाऊक होती, पण पगारापुरती. संध्याकाळी संगणक बंद केला की त्यांची पृथ्वी थंड व्हायची. काळजीवाहूचं तसं नव्हतं. कुठल्याही आलेखात तीस-चाळीस वर्षांपुढचं साल दिसलं, की तिच्या मनात पहिला हिशेब व्हायचा तो एकच: तेव्हा भिंगरी केवढी असेल? मग ती त्या आलेखातल्या वर चढणाऱ्या लाल रेषेवर आपली तीन वर्षांची पोरगी टोपी घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून चढते आहे असं बघायची आणि उठून चहा आणायला जायची.

भिंगरी दिवसभर मंत्रालयाच्याच पाळणाघरात असायची. मुख्य इमारत सगळी काचेची, उंच आणि उन्हात डोळे दिपवणारी. तिच्या मागे, सामान टाकायची जागा असावी अशा कोपऱ्यात एक बुटकी, लांबट, पत्र्याच्या छपराची खोली होती, तेच पाळणाघर. त्यावर एक जुनं झाड असं पसरलेलं, की वरून पाहणाऱ्याला खाली खोली आहे याचा पत्ता लागू नये. ते झाड कोणतं, हे हवामानाच्या मंत्रालयात कुणालाच माहीत नव्हतं. मागे एकदा त्यासाठी समिती नेमली होती. समितीने 'पानझडी असावे' असा अंतरिम अहवाल दिला. त्या वर्षी पानं झडलीच नाहीत आणि समिती बरखास्त झाली. झाडाला याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते आपलं भर उन्हातही खोली गार ठेवायचं, आणि काळजीवाहूला दिवसातून एकदा तरी वाटायचं, की या सगळ्या खात्यात हवामानाचं काम करणारं हे एकटंच आहे आणि त्यालाही बढती नाही.

आता नव्या मंत्र्यांविषयी. राजकारणात येण्याआधी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नवराबायको, न रडणारी बाळं, पासपोर्टचे चेहरे यांत त्यांची हयात गेली होती. कुठल्याही बैठकीत ते एकच वाक्य म्हणायचे: "फोटोत नाही, म्हणजे झालेलं नाही." आल्या आल्या त्यांनी दोन धोरणं जाहीर केली. पहिलं वीजबचतीचं. सरकारी कचेऱ्यांतले एसी यापुढे सत्तावीसच्या खाली जाणार नाहीत. तो आकडा स्वतः लावतानाचा फोटो काढून घेतला, आणि तो ऐतिहासिक रिमोट काचेच्या पेटीत घालून प्रवेशद्वाराशी ठेवला. दुसरं धोरण पांढऱ्या छपरांचं. सगळ्या सरकारी इमारतींची छपरं पांढरी करायची, म्हणजे ऊन परतून जाईल आणि आतली माणसं कमी तापतील. हे मात्र खरोखरच शहाणपणाचं होतं. इतकं, की काळजीवाहूला संशय आला आणि तिने ते दोनदा वाचलं.

आणि मोजायचं कसं, हा नियम तिनेच लिहिला. मागच्या सरकारच्या वेळी सगळी खाती 'काम पूर्ण' कळवायची आणि रंगाचे डबे जिन्याखाली तसेच पडून असायचे. म्हणून तिने लिहिलं: ड्रोन वरून फोटो काढेल, संगणक फोटो बघेल, वरून छप्पर पांढरं दिसलं तरच ते मोजायचं. कुणाचं पत्र नको, सही नको. नियम बिनतोड होता. तो लिहिला त्या दिवशी तिने स्वतःला आइसक्रीम घेतलं होतं.

त्या सकाळी ती भिंगरीला सोडायला पाळणाघराशी पोचली, तर झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाची ही मोठी फुली.

"आई, झाडाला लागलंय," भिंगरी म्हणाली.

"लागलं नाही गं, रंग आहे तो."

"फुंकर घाल."

तिने फुंकर घातली. बूट, डबा, टोपी आणि दोन वेण्या एवढी लढाई लढून आल्यावर नाही म्हणायला जीव उरत नाही. तेवढ्यात पाळणाघराच्या मावशी दारात आल्या. मावशी म्हणजे भारदस्त बाई. मुलांना झोपवायला त्यांना गाणं लागायचं नाही, नजर पुरायची.

"मावशी, हे काय?"

"काल दोघं आले होते. एकाने झाडाला मिठीच मारली. मला वाटलं, काय प्रेमळ माणूस! माप घेत होता मेला."

"कसलं माप?"

"करवतीचं. परवा तोडणार म्हणे. म्हटलं, कुणी सांगितलं? तर म्हणाला, हवामानवाल्यांनी. म्हटलं, अरे बाबा, इथे सगळे हवामानवालेच आहेत. तर म्हणतो, म्हणून तर एवढ्या पटकन मंजुरी मिळाली."

काळजीवाहूने छपराकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग जिना धरला.

उपसचिव मॅडमनी आजवर इतके मंत्री पचवले होते, की नव्या मंत्र्याला त्या जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं घ्यायच्या. काळजीवाहू धापा टाकत आत आली तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम, पाळणाघरावरचं झाड का तोडतायत?"

"बस. तोडत नाहीयेत गं. दृश्यमानता वाढवतायत."

"कशाची?"

"छपराची. पाळणाघराचं छप्पर मागच्या आठवड्यात पांढरं केलं, चांगला दोनदा हात मारून. पण ड्रोनला वरून काय दिसतं? हिरवं. संगणक म्हणतो, काम बाकी. अख्ख्या राजधानीतली सगळी छपरं पांढरी झाली, एकच बाकी. कुणाचं? हवामान मंत्रालयाचं! परवा साहेब आढावा घेणार, मग शंभर टक्क्यांची घोषणा. सांग, मी काय तोंड दाखवू?"

"पण मॅडम, छप्पर पांढरं करायचं कशासाठी? खालची खोली थंड राहावी म्हणून. ती झाडामुळे आधीच थंड आहे."

"थंड आहे हे फोटोत दिसतं का?"

"झाड तोडलं तर खोली तापेल."

"कशी तापेल? छप्पर पांढरं आहे ना!" मॅडम म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं, कारण त्या पेपरवेट गोल गोल फिरवायला लागल्या.

"एवढ्या एका छपराला सूट द्या. झाडाखाली असल्यामुळे वगळलं, एवढंच लिहू."

"वरून दिसेल तेच मोजायचं, हा नियम कुणाचा?"

काळजीवाहूने पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

"छान नियम आहे तुझा. म्हणून सांगते, एकदा सूट दिली की उद्या प्रत्येक खातं म्हणेल, आमच्याही छपरावर झाड आहे."

"असलं तर चांगलंच आहे ना, मॅडम?"

"चांगलं आहे गं," मॅडम मनापासून हळहळल्या, "पण मोजता येत नाही."

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात नवरा बटाटे सोलत होता आणि भिंगरी टेबलाखाली बसून सालं गोळा करत होती. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर समोरच्यांची तोंडं उघडी असल्यामुळे बोलायचं काम त्याच्या एकट्याकडे असायचं, आणि ती सवय घरीही सुटायची नाही. तिने सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे दात दिसत नाहीत म्हणून ओठ कापून टाकायचे," तो म्हणाला. "करून बघतो. गर्दी वाढेल."

"तू थट्टा कर. परवापासून पोरगी पत्र्याखाली भाजून निघेल."

"मग माझ्याकडे दवाखान्यात ठेवू."

"मागच्या खेपेला काय झालं विसरलास? आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, माझे बाबा खूप दुखवतात."

"खोटं नव्हती बोलत." त्याने बटाटा पातेल्यात टाकला. "अगं, पण तुमचा मंत्री फोटोवाला ना? फोटोवाल्याला झाडाचं काय सांगतेस? त्याला पोरं दाखव. पोरं बघितली की फोटोवाल्याचा हात आपोआप खिशाकडे जातो, खुळखुळा काढायला."

तो गमतीत बोलला होता. ती मात्र चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. मंत्र्यांना तिथे आणायचं. भर दुपारी. वरच्या काचेच्या भट्टीतून उतरवून एकदा त्या खोलीत बसवायचं, बस. अंगाला गारवा लागला की कुठल्या टक्केवारीचं काय चाललंय?

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सुचवलं, की आढावा बैठक पाळणाघरातच घेतली तर? साहेब, मुलं आणि वर पांढरं छप्पर. मॅडमचे डोळे लुकलुकले. एरवी जिथे एक खिडकी उघडायला तीन सह्या लागतात, तिथे ही मंजुरी चहा निवायच्या आत खाली आली. फक्त शेवटी मॅडमनी एक ओळ जोडली: आधी आढावा, मग करवत.

बैठकीच्या दिवशी दुपारी करवतवाला आपली करवत घेऊन आधीच येऊन बसला होता. झाडाखालीच बसला होता. आणि मंत्री, सचिव, उपसचिव मॅडम आणि चार-पाच अधिकारी अशी वरात पाळणाघराच्या दाराशी आली, तेव्हा दारात मावशी उभ्या.

"बूट बाहेर."

"मावशी, मंत्रीसाहेब आहेत," मॅडम म्हणाल्या.

"पाय त्यांनाही आहेत. आणि हळू बोला. पोरं आत्ताच झोपलीत."

मंत्र्यांनी बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. ते सोडून खोलीतल्या सगळ्या अधिकाऱ्यांनी सगळीकडे पाहिलं. मग मंडळी मुलांच्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर बसली. त्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. त्यामुळे सगळ्यांचे गुडघे कानांशी आले आणि देशाचं हवामान धोरण बेडकांच्या सभेसारखं दिसायला लागलं. मंत्र्यांचा देह त्या खुर्चीत मावेना. त्यांनी दोनदा इकडून तिकडून बसून पाहिलं आणि शेवटी ते खाली मुलांच्या गादीवर टेकले. गादीवर बदकं होती.

आढावा सुरू झाला, कुजबुजत. सचिव वाचत होते, "उत्तर विभाग, पूर्ण. दक्षिण विभाग, पूर्ण. नदीकाठचे विभाग, पूर्ण." एकाच सुरात, हळू, पान उलटतानाही जपून. खिडकीतून पानांची सळसळ, आत मुलांचे श्वास, आणि अंगावरून फिरणारा गार वारा. भिंतीला टेकून काळजीवाहू डोळ्यांत तेल घालून मंत्र्यांकडे पाहत होती. त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला. मग टायची गाठ सैल झाली. मग मान. पश्चिम विभाग पूर्ण होईपर्यंत मंत्री बदकांवर आडवे झाले होते आणि घोरत होते.

आता काय करायचं? मंत्र्यांना उठवायचा अधिकार कुणाला, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं. सचिवांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी छपराकडे. तेवढ्यात भिंगरी जागी झाली. तिने आपल्या शेजारी झोपलेला हा नवा मोठा मुलगा नीट निरखून पाहिला, आपली पांघरुणाची चिंधी त्याच्या पोटावर टाकली आणि पोटावर थाप मारत म्हणाली, "गप झोप हं."

सरकारी छायाचित्रकाराने नेमकं तेव्हा बटण दाबलं. तो आवाज मात्र मंत्र्यांना झोपेतही ओळखू आला. ते ताडकन उठून बसले, केसांवरून हात फिरवून हसले, आणि मग कुठे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं.

"काय झोप लागली हो," ते म्हणाले. "वर दालनात नुसता शिजतो मी. इथे कुठला एसी बसवलाय?"

"एसी नाही, साहेब," काळजीवाहू पटकन म्हणाली. आवाज चिरकला, पण निघाला. "झाड आहे."

"कुठलं झाड?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "बाहेरचं," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"आज तोडणार आहेत ते, साहेब. छप्पर वरून दिसत नाही म्हणून."

"हे झाड? तोडणार? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"मागच्या सरकारच्या काळातला प्रस्ताव दिसतोय, साहेब," मॅडम पापणीही न लववता म्हणाल्या.

"तरीच!" मंत्री खवळले, पण मावशींची नजर पडताच आवाज खाली आला. "रद्द करा. आत्ताच्या आत्ता."

"आणि शंभर टक्के, साहेब?" सचिवांनी विचारलं.

"नव्याण्णव म्हणू. लोकांना खरं वाटतं."

बाहेर करवतवाल्याला उठवून घरी पाठवावं लागलं. त्यालाही झाडाखाली डोळा लागला होता. काळजीवाहूला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी तिने भिंगरीला खांद्यावर बसवून घरी नेलं, वाटेत दोघींनी दिसेल त्या झाडाला टाटा केला, आणि नवऱ्याने तिचं कपाळ बघून विचारलं, "इस्त्री केलीस का?"

चार दिवसांनी आदेश निघाला. मंत्रिमहोदयांच्या प्रकृतीचा आणि वीजबचतीचा विचार करून त्यांचं दालन पाळणाघराच्या जागेत हलवण्यात येत आहे. पाळणाघराची सोय मंत्रिमहोदयांच्या सध्याच्या दालनात करण्यात येत आहे.

"अगं, आहेस कुठे!" मॅडमनी तिला खुर्चीवरून उठून टाळी दिली. "कर्मचाऱ्यांच्या मुलांना मंत्र्यांचं दालन! आजवर कुठल्या सरकारने केलंय असं? आणि केवढी खिडकी!"

खिडकी केवढी तर दोन भिंती भरून. वरच्या मजल्यावरचं ते दालन म्हणजे काचेचा डबा होता, झाकण लावलेला. दुपारी ऊन आत यायचं ते जणू नेमणूकपत्र घेऊन. एसी सत्तावीसचा आकडा दाखवत घरघरायचा, आणि त्याचा रिमोट खाली पेटीत लोकांना दाखवायला ठेवलेला. कातडी सोफ्यांवर मुलं बसली की मांड्या चिकटायच्या आणि उठताना पट्टी काढल्यासारख्या निघायच्या. मावशींनी काचेवर ओल्या चादरी टांगल्या. त्या बघता बघता वाळून पापडासारख्या कडक झाल्या.

पहिल्याच दुपारी काळजीवाहू डोकावली. मुलं झोपली नव्हती आणि खेळतही नव्हती. अशी गप्प पोरं तिने कधी पाहिली नव्हती. भिंगरी टेबलाखाली, जिथे सावलीचा एक तुकडा होता, तिथे फरशीला गाल लावून पडली होती. चेहरा लालबुंद. सफरचंदाच्या फोडी डब्यात तशाच.

"भिंगरी, फिरून दाखव ना मला."

पोरीने नुसती मान हलवली. नाही. ही पोरगी, जी बाथरूमपर्यंतही सरळ चालत जात नाही, गिरक्या घेत जाते.

"मघापासून असंच," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. "पाणी पाजतेय, पुसून घेतेय. पण मी काय काचेला दटावू?"

तिने मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, पडद्यांचा प्रस्ताव गेलाय, महिनाभर कळ काढ. महिना. आलेखावर महिना दिसतसुद्धा नाही. काळजीवाहूने फोन खिशात टाकला. दहा मिनिटं लवकर घरी जायचं असलं तरी जी सकाळपासून तीनदा विचारायची, तिने या वेळी कुणालाही विचारलं नाही. भिंगरीला काखोटीला मारलं, सतरंजी खांद्यावर टाकली.

"मावशी, चला. सगळी पोरं घ्या."

"कुठे?"

"खाली."

लिफ्टच्या दोन खेपा झाल्या. झाडाखाली, मंत्र्यांच्या नव्या खिडकीच्या अगदी समोर, सतरंजी पसरली. पहारेकरी काका धावत आले.

"बाई, इथे बसायला परवानगी लागते."

"कुणाची?"

काका विचारात पडले. "ते काय माहीत नाही बुवा. आजवर कुणी बसलंच नाही."

मुलांना वारा लागला तशी ती हलायला लागली. एकाने दुसऱ्याला चिमटा काढला, दुसरा रडला; काळजीवाहूला ते रडणं इतकं गोड वाटलं, की डोळे भरून आले. भिंगरी अर्धी बाटली पाणी प्यायली, निम्मं अंगावर सांडलं, आणि आईच्या मांडीवर डोकं टाकून झोपून गेली. एकेक करत सगळीच झोपली.

खिडकी उघडली. मंत्री. मागे मॅडम आणि सचिव, या खेपेला मोठ्या खुर्च्यांवर.

"काय चाललंय हे?"

काळजीवाहूने मांडीवरच्या भिंगरीच्या कानावर हात ठेवला. "मुलं झोपलीत, साहेब."

"माझी बैठक चालू आहे इथे."

"मग जरा हळू बोला," ती म्हणाली.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मंत्र्यांनी तोंड उघडलं. त्यांनी सतरंजीवरची रांग पाहिली, मग रांगेच्या टोकाला मांडीवर हात ठेवून बसलेल्या मावशींकडे पाहिलं. तोंड मिटलं. खिडकी लागली; जपून, कडीचा आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही, म्हणून ती परत उतरली. तिसऱ्या दिवशीही. सावलीचा मात्र एक वांधा होता: ती एका जागी बसायची नाही. दुपार कलली की खिडकीपासून सुटून फाटकाकडे सरकायची, आणि तिच्यामागून सतरंजी ओढत न्यावी लागायची. तिकडे नेमकी मंत्र्यांची गाडी उभी असायची. साहेबांचं दालन खाली आलं, तशी गाडीही सावलीला आली होती. लांबलचक, काळी, आणि सावलीचा सगळ्यात गार तुकडा तिच्या टपावर.

सतरंजीच्या कडेच्या दोन मुलांच्या पायांवर ऊन चढायला लागलं. काळजीवाहू उठली आणि गाडीच्या काचेवर टिचकी मारली.

"दादा, गाडी पुढे घ्या. उन्हात."

ड्रायव्हर जागा झाला. "साहेबांची आहे हो."

"माहीत आहे. तिला ऊन लागत नाही."

"साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा की."

ड्रायव्हरने खिडकीकडे पाहिलं. आत मंत्री उभे होते, कागद हातात, आणि इकडेच बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ड्रायव्हर किल्लीकडे हात नेत होता तेवढ्यात मावशी कुजबुजल्या, "इंजिन सुरू केलंस तर बघ."

मग त्याने गियर काढला, दार उघडं ठेवून एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि खांदा लावला. पहारेकरी काका मागून आले, टोपी काढून डिकीवर ठेवली आणि जोर लावायला लागले. गाडी जड होती, सरकारी होती, जागची हलेना. काळजीवाहूने चपला काढल्या, दोन्ही तळवे मागच्या काचेवर टेकले आणि ढकललं. चाकं करकरली. एक मूल कुशीवर वळलं. तिघंही थांबली, श्वास धरून. ते परत झोपलं.

"पुन्हा," ती हळूच म्हणाली, आणि गाडी इंचाइंचाने उन्हाकडे निघाली.